पुरुष-वंध्यत्वाचे जनुकीय संशोधन आणि ‘भारतीय पुरुष’ ही कोटी

हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वीर्यात शुक्रजंतू नसलेल्या ३४० भारतीय पुरुषांपैकी ८.५ टक्के पुरुषांच्या वाय गुणसूत्रातील तुकडे गळालेले आढळले. या निष्कर्षाविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो ‘भारतीय पुरुष’ या सरसकट कोटीचा.

मोठी गळती कोणत्याही समूहात बाधक ठरते. आंशिक गळतीचे मात्र तसे नाही. ‘जीआर/जीआर’ ही आंशिक गळती युरोपीय पुरुषांवरील अनेक अभ्यासांत शुक्रजंतू घटण्याशी जोडली गेली. जपानमध्ये सुमारे एक तृतीयांश पुरुष ज्या ‘डी’ पितृवंशाचे आहेत, त्या वंशात हीच गळती पिढ्यान्‌पिढ्या कायम आहे आणि त्यांना अपत्येही होतात. मग शेकडो अंतर्विवाही समूहांच्या या देशात भामरागडच्या माडिया गोंड पुरुषाचा अहवाल कोणाशी ताडून पाहावा? शहरातील वंध्यत्व केंद्रापर्यंत पोहोचलेल्यांवरून त्याचे अनुमान करणे धाडसाचे होय.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग असल्याचे १९८९ मध्ये मांडले. गावात जाऊन असे संशोधन होऊ शकते, हे तेव्हाच सिद्ध झाले. पुरुष मात्र तपासणीबाहेरच राहतो. (‘वांझ’ म्हटले की बाईच डोळ्यांपुढे येते, पुरुषासाठी तसा रोजच्या वापरातला शब्दही आपल्याकडे नाही.) वस्तुतः प्राथमिक वीर्यतपासणीस सूक्ष्मदर्शक व प्रशिक्षित तंत्रज्ञ पुरेसे असतात. ती तालुक्याला व्हावी. आणि पुढे जनुकचाचणी झालीच, तर तुलनेस कोणता समूह घेतला हे अहवालात नोंदवले जावे.