कॅथीड्रलांतील प्रशस्ति : एक परीक्षण

गतवर्षीं मुंबईस जाण्याचा योग आला असतां फोर्टांतील सेंट टॉमस कॅथीड्रल आम्हीं सावकाश पाहिलें. यवतमाळाहून देवळें पाहावयास निघालेला मनुष्य बहुधा हेमाडपंती देवळांची वाट धरतो. इंग्रजांच्या मंदिराकडे त्याचीं पावलें वळत नाहींत. परंतु ज्यास शिलालेखांची गोडी आहे त्यानें हें मंदिर अवश्य पाहावें. तेथील भिंतींवरचे स्मारकलेख हे आपल्या प्रशस्तींचेच सहोदर होत, आणि त्यांचें वाचनहि प्रशस्तींप्रमाणेंच सावधपणें केलें पाहिजे, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

प्रथम वास्तूचा वृत्तांत. गव्हर्नर जेरल्ड ऑंजियर याच्या कारकीर्दींत, १६७६ च्या सुमारास, मंदिराचा पाया घातला गेला. १६७७ मध्यें ऑंजियर सुरतेस वारला आणि काम मागें पडलें. अर्धवट भिंती सुमारें चाळीस वर्षें तशाच उभ्या होत्या. पुढें रिचर्ड कॉब नामक धर्मोपदेशकानें वर्गणीची खटपट केली व १७१८ च्या नाताळच्या दिवशीं मंदिर उपासनेस खुलें झालें. कोटाच्या ज्या दरवाजानें या मंदिराकडे वाट जाई तो चर्चगेट. दरवाजा गेला, नांव स्टेशनास राहिलें. मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत १८३७ मध्यें झाला, तेव्हां यास बिशपाच्या पीठाची, म्हणजे कॅथीड्रलाची, पदवी आली. सबब 'तीनशें वर्षांचें कॅथीड्रल' हा रूढ प्रयोग शिथिल आहे. मंदिर १७१८ चें. कॅथीड्रल १८३७ चें.

आतां मुख्य विषय. मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन १८११ मध्यें वारला. त्याचें संगमरवरी स्मारक येथें असून तें धाकट्या जॉन बेकनचें काम आहे. त्यांतील लेखपटाचा आशय असा कीं, काशीप्रांतीं व काठेवाडांत बालहत्या बंद झाली. प्रेक्षक तें वाचतो, हात जोडतो आणि पुढें जातो. आम्हीहि क्षणभर तसेच उभे राहिलों.

परंतु हें विधान कितपत टिकतें? डंकन काशीस रेसिडेंट असतां जौनपुराकडील राजकुमार रजपुतांत मुलींस जन्मतःच मारण्याची चाल त्यास कळली, व १७८९ मध्यें त्यानें त्यांजकडून ती सोडण्याचा करार लिहून घेतला. तो मुंबईचा गव्हर्नर असतां कर्नल वॉकर यानें १८०८ मध्यें काठेवाडांतील जाडेजांकडून तसेच करार करविले. हे करार खरे आहेत. परंतु करार होणें निराळें आणि चाल बंद होणें निराळें. ती बंद झाली असती तर १८७० मध्यें, म्हणजे डंकनच्या मृत्यूनंतर एकोणसाठ वर्षांनीं, मुलींच्या हत्येच्या प्रतिबंधार्थ सरकारास निराळा कायदा कां करावा लागला? दगडावर जय कोरला गेल्यावरहि मुली मरतच होत्या. त्या मुलींचें नांव कोणत्याहि भिंतीवर नाहीं.

यावरून डंकन दांभिक होता असा निष्कर्ष काढणारेहि भेटतात. तोहि अविचार होय. लेख त्यानें लिहिला नाहीं. तो त्याच्या पश्चात् त्याच्या चाहत्यांनीं कोरविला. त्याचा प्रयत्न प्रामाणिक होता. प्रशस्तिकारानें मात्र आरंभास समाप्ति म्हटलें.

परकीयांचा दोष दाखविणें सोपें आहे. आमच्याच जिल्ह्यांत पुसद तालुक्यांतील डोंगरगांव येथें शके १०३४ चा जगद्देव परमाराच्या काळचा लेख आहे, म. म. वा. वि. मिराशी यांनीं तो प्रसिद्ध केला. तीन शत्रूंच्या आक्रमणांत बुडालेली मालवभूमि उदयादित्यानें उद्धरिली, असें त्यांत म्हटलें आहे. शाळेंत असतां हें वाक्य आम्ही मुलांस सिद्ध इतिहास म्हणून सांगत असूं. कोणी पुरावा विचारल्यास नागपूर प्रशस्तीकडे (इ. स. ११०४) बोट दाखवीत असूं, कारण तींतहि उदयादित्याकडून भूमीच्या उद्धाराचें वर्णन आहे. दोन साक्षी मिळाल्या, असें आम्हांस वाटे. परंतु जगद्देव हा उदयादित्याचा पुत्र, आणि नागपूर प्रशस्ति ज्याची तो नरवर्माहि त्याचाच पुत्र! दोन लेख, परंतु घर एकच. उदयादित्याचें राज्य निःसंशय झालें; भूमि किती बुडाली व किती वर आली, हें मात्र पुत्रांच्या तोंडून ऐकून ठरवितां येत नाहीं. ही साधी गोष्ट कॅथीड्रलांत डंकनपुढें उभे राहीपर्यंत आमच्या ध्यानीं आली नाहीं, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

त्रैमासिकाकडे गांवोगांवचे लेख पाठविणाऱ्या मित्रांस आमची विनंति अशी कीं, लेखाच्या वाचनासोबत तीन गोष्टी अवश्य कळवाव्या : लेख कोणीं कोरविला, वर्ण्य पुरुषाशीं त्याचें नातें काय, आणि वर्णिलेल्या गोष्टीस त्या घराबाहेरचा दुसरा आधार आहे किंवा नाहीं. आधार नसल्यास लेख टाकून देऊं नये. तो कवीचें बोलणें म्हणून ठेवावा, आणि इतिहासाच्या पानावर घेण्यापूर्वी थांबावें.