कॅप्शनमधली डिसेंबरची रात्र

देवळाचा कळस, त्यामागे जांभळी-निळी आकाशगंगा, खाली कॅप्शन: ‘डिसेंबरची रात्र’. चाळीसगावजवळची पाटणादेवी असो की धुळ्याचा लळिंग किल्ला, कुठल्याही नावाने खपतील अशी ही चित्रं रोज आपल्या स्क्रीनवरून सरकतात. माझा आक्षेप एडिटिंगला नाही. या चित्रांना ना जागा उरते ना वेळ, याला आहे.

आकाशगंगेचा तो भरघोस भाग धनू-वृश्चिकाकडचा. डिसेंबरात सूर्यच त्या बाजूला असतो. रात्री तो भाग दिसणार कसा? एरवीही खान्देशातून तो आग्नेयेला उगवतो, दक्षिणेला जेमतेम ४० अंश चढतो, नैर्ऋत्येला मावळतो. उत्तरेकडच्या कळसामागे तो कधीच येत नाही. म्हणजे आकाशाच्या फोटोचा खरेपणा तपासता येतो.

फोनही आपल्या पदरचं घालतो. २०२३ साली एकाने चंद्राचं मुद्दाम पुसट केलेलं चित्र स्क्रीनवर लावून सॅमसंगच्या फोनने टिपलं. मुळात नसलेले तपशील फोटोत उमटले.

त्यापेक्षा पहिला साधा फोटो बघा. फोन विटांना टेकवलेला, प्रो मोड, आयएसओ ८०० ते १६००, फोकस अनंतावर, टायमर २ सेकंद. शटरसाठी ५०० ला फोकल लेंथने भागा: फोनच्या नेहमीच्या २४ मिमी लेन्सला साधारण २० सेकंद. त्यापुढे पृथ्वीच्या फिरण्याने ताऱ्यांच्या रेघा होतात. थंडीत मृग नक्षत्रापासून सुरुवात करा. फोटोत दाणे येतील, क्षितिजावर जळगावचा उजेड येईल. येऊ द्या, त्या रात्रीचा तोच पुरावा. उत्तरेकडे तासभर फोटो काढून जोडले, तर रेघा ध्रुवाभोवती फिरतात, आणि ध्रुव असतो सुमारे २१ अंशांवर. हाच जळगाव-धुळ्याचा अक्षांश. फोटोच पत्ता सांगतो.

चांगदेवाने आजोबा भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, हे सांगणारा १२०७ सालचा शिलालेख पाटणादेवीच्याच परिसरात, पाटणला आहे. ‘सिद्धांतशिरोमणी’त (११५०) भास्कराचार्य गोल, शंकू, चक्र अशी यंत्रं सांगतात आणि सर्वांत वर ठेवतात धी-यंत्र, म्हणजे बुद्धी. ती असेल तर हातात नुसती काठीही पुरते.

आपल्याकडे काठीऐवजी फोन आहे. महागड्या लेन्ससाठी अडून बसू नका. फक्त फोटोखाली जागा, तारीख, वेळ आणि दिशा लिहा. एवढं लिहिता येत नसेल, तर लाइक कितीही येवोत, तो फोटो आपल्या आकाशाचा नाही.