उथळ पाण्यातले वाचन

निकोलस कार यांचा ‘द शॅलोज’ (२०१०) हा ग्रंथ इंटरनेटला शिव्याशाप देत नाही, म्हणूनच आम्हांस तो विश्वसनीय वाटतो. साधन वापरता वापरता मेंदूची घडणच बदलते. सतत उड्या मारण्यास सरावलेल्या मनास एका पानावर स्थिरावणे जड जाते, असे ते साधार मांडतात. मूकवाचनात गढलेल्या संत अंब्रोजचे संत आगुस्तीनने टिपलेले चित्रही ते आठवतात. मात्र ग्रंथाचा भर मेंदूवर राहतो; एकाग्रता हे प्रीतीचेही अंग आहे, हे त्यात पुरेसे उमटत नाही. रोझरीच्या वेळी मोबाईल खुणावतो, तेव्हा केवळ प्रार्थना भंगत नाही, शेजारी बसलेली आजीही दुरावते. कारांचे निदान आम्ही स्वीकारतो. उपचार मात्र आपल्याच घरात सुरू व्हावा.