पाप कुणाचं? नगरच्या चर्चची उलटतपासणी

'बाटगे' हा शब्द आपल्याही पोरांच्या तोंडी येतो, म्हणून हे लिहितो आहे. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वस्तीचा विषय निघाला की बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, ते भाकरीसाठी गेले, सायबाचे झाले, आपले राहिले नाहीत. चर्चवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या इतिहासात अमेरिकेहून गोरा मिशनरी येतो आणि महारवाडा उजळून टाकतो. मला दोन्ही गोष्टी नामंजूर आहेत. दोन्हींत महार म्हणजे नुसतं ओझं. कुणीतरी उचलायचं, कुठेतरी ठेवायचं. तो स्वतः काही ठरवतच नाही!

आधी हे चर्च मानतं काय ते बघू. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत आली आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणं केलं. (त्या नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे.) ही माणसं काँग्रिगेशनल पंथाची. त्यांची श्रद्धा थोडक्यात तीन गोष्टींची. एक, शास्त्र ज्याचं त्याने स्वतः वाचायचं, मध्ये भट नको. दोन, चर्च म्हणजे इमारत नव्हे, मंडळी. तिच्या डोक्यावर बिशप नाही. सभासदांनी जमायचं, मत द्यायचं, आपला पाळक आपण निवडायचा. तीन, माणूस पापी आहे आणि त्याचं तारण ख्रिस्ताच्या कृपेनेच होतं.

पहिल्या दोन गोष्टी महाराच्या जागेवर उभं राहून बघा. ज्याला अक्षर वर्ज्य होतं त्याला सांगितलं, वाच. ज्याला गावच्या चावडीत बसायला जागा नव्हती त्याला सांगितलं, मत दे. आणि प्रभुभोजनाला सगळ्यांना एकच भाकर, एकच द्राक्षारस. हे काही किरकोळ नव्हतं. मिशनरी कुठल्याही हेतूने आलेला असो, ही हत्यारं आपल्या माणसांनी हातात घेतली ती आपल्या गरजेने घेतली.

त्या हत्यारांचा पल्ला नगरपुरता राहिला नाही. जोतिरावांनी नगरला मिस फरारची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. याच मिशनचं 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ साली नगरला सुरू झालं. त्याच पत्रात १८५५ साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. ही मांगाची पोर त्या निबंधात काय करते? आपलं दुःख कुठून आलं ते नावनिशीवार सांगते. पेशवाईतले जुलूम सांगते, इमारतींच्या पायांत गाडलेल्या मांग-महारांचा हिशेब मागते, वेद ज्यांनी आपल्या मालकीचे केले त्यांना जाब विचारते, आणि आमचा धर्म तरी कोणता, असा देवालाच सवाल करते. आपल्या पापामुळे हे भोगतो आहोत, असं ती म्हणत नाही.

माझा मुद्दा इथे आहे. मिशनच्या छापखान्यातून मुक्ताचं उत्तर बाहेर पडलं, पण मिशनच्या व्यासपीठावरून दुसरंच उत्तर दिलं जात राहिलं. तिथे तिसरी श्रद्धा बोलत होती: माणसाच्या पतनाचं कारण पाप, म्हणून पश्चात्ताप कर. बाबासाहेबांनी नेमकं हेच पकडलं. धर्मांतरितांच्या स्थितीवरचा त्यांचा लेख त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात तो १९८९ साली आला. त्यात ते म्हणतात ते असं की, अस्पृश्याची अवनती चुकीच्या सामाजिक आणि धार्मिक परिस्थितीमुळे झाली, तिच्यावर हल्ला चढव, असं मिशनऱ्याने त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं काय? तुझी अवनती तुझ्या पापामुळे झाली! १९३८ च्या सुरुवातीला सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढे बोलतानाही त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दल आदर सांगितला. पण ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढला नाही, हेही तोंडावर सुनावलं.

म्हणजे मारणाऱ्याचं पाप मार खाणाऱ्याच्या खात्यावर! कर्मसिद्धांताने हेच केलं होतं. फरक एवढाच की कर्मसिद्धांतात सुटका पुढच्या जन्मी, इथे सुटका याच जन्मी, पण एकट्याची. वस्तीची नाही.

आणि मंडळीच्या मताचं काय झालं? मत मंडळीचं, पण शाळामास्तराचा, उपदेशकाचा पगार मिशनच्या खात्यातून. ज्याच्या हाती पगार त्याच्यासमोर हात वर करताना माणूस दहादा विचार करतो. नारायण वामन टिळकांसारखा कवीसुद्धा १९१७ साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' मांडायला बाहेर पडला. टिळकांना ते जमलं. खेड्यातल्या महार मास्तराने कुठे जायचं? पुढे १९२४ च्या एकीकरणात आणि १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं त्यात या परंपरेच्या मंडळ्या गेल्या, आणि ज्यांना बिशप नको होता त्यांच्यावर बिशप आला.

साहित्याचं तेच. मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटलं की मास्तर लोक दोन नावं सांगतात, टिळक आणि लक्ष्मीबाई. 'स्मृतिचित्रे' मोठं पुस्तक आहे, त्याबद्दल वाद नाही. आपलं सोवळं कसं सुटत गेलं ते बाईंनी न लपवता सांगितलं. पण सोवळं सुटल्याची गोष्ट वेगळी आणि ज्याचा विटाळ धरला त्याची गोष्ट वेगळी. नगर जिल्ह्यातली बाकं महारवाड्यातून आलेल्यांनी भरली, पुस्तकांत नाव दुसऱ्यांचं राहिलं.

आता भाकरीचं. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर मंडळीत येणारे वाढले, हे खरं. मग? ज्या गावाने भाकर अडवली त्याला कुणी विचारत नाही, ज्याने खाल्ली त्याला मात्र इमान विचारतात. हा सवाल सनातन्याचा आहे, आपल्या तोंडी तो शोभत नाही.

सवाल आजचाही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली. आपण चाळीस वर्षं याच दाराबाहेर उभे होतो. आत आल्यावर कडी लावणार आहोत का? वाटा कमी होईल ही भीती मला समजते. ती भीती घेऊन वाटा वाढवायला भांडा, भावाला बाहेर ठेवायला नको.

तेव्हा साथींनो, त्या वस्तीत जा. म्हाताऱ्या माणसांना विचारा: तुमच्या घरातला पहिला माणूस मंडळीत कधी आला, का आला, पाळक कुणी निवडला, पगार कोण देत होतं, गावच्या विहिरीवर पाणी कधी मिळालं? त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या आणि पाठवा. आपल्या या पानांत जागा आहे.

जयभीम.