कवीची कथा आणि संपादकाची पसंती

कवीनें कथेच्या वाटेस जावें कीं जाऊं नये, हा प्रश्न जुना आहे. छंदाचा आधार सुटला कीं कवीचें पाऊल अडखळतें, असा सामान्य समज आहे. आणि कथा लिहून ती मासिकाकडे धाडतांना कवीस जो संकोच वाटतो, त्याचें मूळही तेथेंच शोधलें जातें. आमच्या मतें हें निदान अपुरें आहे. अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथ (१९३२–१९६३) हिच्या कथालेखनाचा इतिहास पाहिला असतां तें ध्यानांत येईल.

प्लाथच्या कथेचा आरंभ अपयशानें झाला नव्हता. १९५२ सालीं ‘मादमोआझेल’ मासिकाच्या स्पर्धेंत तिच्या ‘संडे ॲट दि मिंटन्स’ या कथेस ५०० डॉलरांचें पारितोषिक मिळालें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लिहिलेली ‘मेरी व्हेंच्युरा अँड दि नाइन्थ किंग्डम’ ही रूपककथा मात्र त्याच मासिकाकडून साभार परत आली. ती पुस्तकरूपानें निघावयास २०१९ साल उजाडलें. १९५८ सालीं ‘न्यूयॉर्कर’नें तिच्या कविता स्वीकारल्या; तेथें आपली कथा यावी ही इच्छा मात्र तिच्या हयातींत पुरी झाली नाहीं.

तिच्या रोजनिशींतून या असमाधानाचें कारण दिसतें. कविता लिहितांना ती आपल्याच कानास प्रमाण मानी. कथा लिहितांना संपादकाची पसंती तिच्यापुढें उभी राही. छापून आलेल्या कथांचें पृथक्करण करावें, कोणत्या मासिकास कसलें कथानक रुचतें याचा अदमास घ्यावा, असा तिचा उद्योग चाले. ‘मला हेंच सांगावयाचें आहे काय?’ या प्रश्नाची जागा ‘हें त्यांस चालेल काय?’ या प्रश्नानें घेतली. लेखणीवर पोट भरूं पाहणाऱ्यास हा विचार त्याज्य आहे असें कोण म्हणेल? परंतु तो लेखनाच्या आधींच शिरला, कीं कथेंतील जिवंतपणा जातो.

याचा पडताळा तिच्याच एका कथेंत मिळतो. १९५८ सालीं बोस्टन येथील एका रुग्णालयाच्या मनोविकार विभागांत ती कारकुनी करीत होती. रोग्यांच्या हकीकती टंकलिखित करणें हें तिचें काम. त्या अनुभवांतून ‘जॉनी पॅनिक अँड दि बायबल ऑफ ड्रीम्स’ ही कथा निर्माण झाली. रोग्यांचीं स्वप्नें गुपचूप टिपून ठेवणारी आणि भीतीसच दैवत मानणारी कारकून स्त्री ही तिची नायिका. येथें कवयित्रीची प्रतिमासृष्टि आणि कथेचें घटनासूत्र हीं परस्परांस पोषक झालीं आहेत. तरीही ही कथा ‘अटलांटिक’ मासिकांत छापून आली ती १९६८ सालीं, लेखिकेच्या मृत्यूनंतर पांच वर्षांनीं. आणि १९७७ सालच्या तिच्या गद्यसंग्रहास नांव मिळालें तें हिचेंच.

१९६२ सालीं बी.बी.सी.साठीं लिहिलेल्या एका निबंधांत प्लाथनें कविता व कादंबरी यांची तुलना केली आहे. कादंबरीकारास लाभणारा ऐसपैस काळ आणि घरगुती वस्तूंचा पसारा कवीच्या वांट्यास येत नाहीं, याचा कांहींसा हेवा तींत आहे. वाङ्मयप्रकाराविषयींची ही शंका निकोप आहे, कारण तिच्यामुळें लेखक आपल्या साधनांची पारख करतो. संपादकाच्या होकाराविषयींची शंका निराळी. तिनें कथेचें भलें होत नाहीं. म्हणून कथा लिहूं इच्छिणाऱ्या कवीनें पहिल्या शंकेस लिहितांना अवश्य थारा द्यावा. दुसरीस कथा लखोट्यांत घालीपर्यंत दाराबाहेर ठेवावें.