‘रूआह’ आणि आपला ‘आत्मा’

दौलताबादला जनार्दनस्वामींच्या सहवासात संत एकनाथ घडले. त्यांच्या लेखणीतून बहरलेला ओवीछंद फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी (१६१६) स्वीकारला. छंद इथला घेतला. पवित्र आत्म्यासाठी मात्र त्यांनी लॅटिन वळणाचा शब्दच ठेवला. त्या लॅटिन शब्दात श्वास होता, पण मराठी श्रोत्याला तो ऐकू येण्याजोगा नव्हता. पुढे ‘आत्मा’ हा शब्द रूढ झाला. त्याने तरी मूळ हिब्रू ‘रूआह’चा अर्थ आपल्यापर्यंत पोहोचवला आहे काय?

‘रूआह’ म्हणजे वारा, श्वास आणि आत्मा. यहेज्केलच्या ३७व्या अध्यायात संदेष्टा चारही वाऱ्यांकडून श्वासाला बोलावतो आणि वाळलेली हाडे उभी राहतात. मग परमेश्वर आपला आत्मा त्यांच्यात घालण्याचे वचन देतो. मुळात तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. मराठीत त्याचे तीन होतात आणि अर्थाचा धागा तुटतो.

‘आत्मा’ या शब्दाचे मूळही श्वसनाशी जोडले जाते. परंतु तत्त्वचिंतनाने त्याला देहाहून निराळा, अविकारी असा अर्थ दिला. म्हणूनच ‘मृतात्मा’ म्हणताच देह टाकून निघून गेलेले काहीतरी आपल्या डोळ्यांपुढे येते. ‘रूआह’ निघून जाते तशी परतही येते, आणि मेलेल्याला उठवते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीत ‘नेशामा’, म्हणजे श्वास, फुंकतो, तेव्हा मनुष्य ‘नेफेश’ होतो. त्याला ‘नेफेश’ मिळत नाही. तो सगळाच, देहासकट, जिवंत ‘नेफेश’ होतो. शरीराच्या पुनरुत्थानावरील आपली श्रद्धा याच भूमीत रुजलेली आहे. ही भूमी विसरली, तर कबरीपाशी केलेली आपली प्रार्थनाही अर्धीच राहते.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचा अनुवाद केला. तो त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाला. मुळापर्यंत जाण्याची ती जिद्द आपल्या सेमिनरींतही हवी. पुरोहितांच्या प्रशिक्षणाविषयीच्या १९६५ सालच्या व्हॅटिकन परिषदेच्या आदेशाने लॅटिनच्या ज्ञानाची अपेक्षा ठेवली, तसेच पवित्र शास्त्राच्या भाषांच्या अभ्यासालाही उत्तेजन दिले. ते उत्तेजन परीक्षेपुरते उरू नये.

प्रार्थनेतला ‘पवित्र आत्मा’ बदलावा, असे आमचे म्हणणे नाही. ‘प्राण फुंकणे’, ‘जिवात जीव येणे’ हे वाक्प्रचार प्रत्येक मराठी घरात आहेत. त्यांच्या आधारे धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी ‘रूआह’ उलगडून दाखवावी. ओवी आपलीशी झाली. आता तिच्यातला श्वासही आपलासा व्हावा.