मोजला मत्सर, निष्कर्ष मात्र प्रतारणेचा?

'ऑनलाइन प्रतारणेचा तरुणांच्या प्रेमसंबंधांवर होणारा परिणाम' असा विषय सिनॉप्सिससाठी मनात असेल, तर आधी त्यातल्या 'परिणाम' या शब्दापाशी थोडं थांबा. या विषयावर लिहिताना हमखास समोर येणारे दोन अभ्यास बघू.

पहिला मोनिका व्हिटी यांचा, २००५ सालचा. त्यांनी २३४ जणांना ऑनलाइन प्रतारणेच्या प्रसंगाची सुरुवात देऊन पुढची गोष्ट लिहायला सांगितली. त्या गोष्टींमध्ये भावनिक प्रतारणेला शारीरिक प्रतारणेइतकंच महत्त्व मिळालेलं दिसलं. पद्धत मला आवडते, कारण थेट विचारलं की लोक शोभेलसं उत्तर देतात, गोष्टीत मात्र मनातलं उतरतं. पण हाती काय लागलं? लोकांच्या धारणा. प्रत्यक्षात कुणाचं नातं तुटलं की सावरलं, हे त्यातून कळत नाही.

दुसरा अभ्यास एमी म्यूज आणि सहकाऱ्यांचा, २००९ सालचा. त्यांनी कॅनडातल्या १७ ते २४ वयाच्या ३०८ विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण केलं. फेसबुकवर जास्त वेळ घालवणाऱ्यांत फेसबुकशी निगडित मत्सर जास्त आढळला. आता प्रश्न असा, की फेसबुकमुळे मत्सर वाढला, की मत्सर वाटतो म्हणून माणूस जोडीदाराचं प्रोफाइल सारखं उघडून बघतो? दोन्ही एकमेकांना खतपाणी घालत असावेत, अशी शक्यता लेखकांनीच मांडली आहे. पण एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून दिशा ठरवता येत नाही.

शिवाय इथे मोजला गेला तो मत्सर. जोडीदाराने खरोखर प्रतारणा केली का, हे मोजलेलंच नाही. तरी 'सोशल मीडियामुळे प्रतारणा वाढते' या वाक्यापुढे हाच संदर्भ टाकायचा मोह होतो. तो टाळा.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. संशयालाच प्रतारणेचा पुरावा मानलं, तर जोडीदाराचा मोबाइल तपासणं, पासवर्ड मागणं, 'लास्ट सीन'चा हिशेब ठेवणं या सगळ्याला आपण संशोधनाचा आधार मिळवून देतो. ज्याच्यावर पाळत ठेवली जाते, त्याची किंवा तिची बाजू प्रश्नावलीत येतच नाही.

मग करायचं काय? एकदाच सर्वेक्षण करणार असाल, तर शीर्षकात 'परिणाम' ऐवजी 'सहसंबंध' किंवा 'धारणा' लिहा. परिणामाबद्दल बोलायचंच असेल, तर त्याच जोडप्यांकडे काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा जावं लागेल, तेही दोघांकडे. तरीही इतर कारणं वगळावी लागतीलच. आणि व्याख्या आधी ठरवा. जुन्या मैत्रिणीच्या फोटोला लाइक, लपवून केलेलं चॅट आणि डेटिंग ॲपवरचं चालू खातं, हे तिन्ही एकाच खात्यात टाकले, तर आकडेवारी कितीही नेटकी दिसली तरी आपण नेमकं काय मोजलं, हे व्हायवात सांगता येणार नाही.